कळण्याची भाकरी आणि मजुरीचा हिशेब



थोड्या पैशांत पौष्टिक कसे खावे, हा प्रश्न निघाला की बहुधा उपदेशाला सुरुवात होते. पालेभाज्या खा, कडधान्यांना मोड आणा, भाकरी सोडू नका, चहा कमी करा, असे सांगितले जाते. यांतले एकही वाक्य खोटे नाही. परंतु ज्या बायकांना ते सांगितले जाते, त्यांच्या आज्यांनी हेच अन्न पिढ्यान्‌पिढ्या रांधलेले आहे. रावेर-यावलच्या केळीबागांत राबणारी, चोपडा-अमळनेरकडे कापूस वेचणारी, शिरपूर-साक्रीकडे निंदणीला जाणारी मजूर स्त्री अज्ञानामुळे डाळ शिजवीत नाही असे मानणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे. आधी डाळ तिच्या ताटातून गेली; आणि वर ती तिनेच घालविली असा ठपकाही तिच्याच माथी आला.

म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांपुरता तरी हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला पाहिजे. स्वस्त आणि सकस आहाराची विद्या या मुलखात होतीच. ती असूनही श्रमिकांचे ताट रिते का झाले? आणि ते पुन्हा भरावयाचे तर घरात काय करता येईल, घराबाहेर कोणाकडे काय मागावे लागेल?

जुन्या ताटाची परीक्षा

खान्देशी जेवणाची आज जी कीर्ती आहे ती शेवभाजीची, भरीत-पुरीची, वरण-बट्टीची आहे. हे सणावाराचे आणि आता हॉटेलांच्या पाट्यांवरचे अन्न होय. कष्टकऱ्यांच्या घरचे रोजचे अन्न याहून साधे होते: तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या दादरची किंवा खरिपातल्या ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची भाकरी, तूर-मूग-उडदाचे वरण किंवा चवळी-मटकीची उसळ, मिरचीचा ठेचा व त्यात जमल्यास शेंगदाणे, आणि शेताच्या बांधावरून आणलेली अंबाडी, तांदुळजा, घोळ यांपैकी एखादी भाजी. तुपाचे बोट क्वचितच लागे. कांदा मात्र असे.

या ताटातला सर्वांत शहाणा पदार्थ म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद मिसळावयाचे, थोडे मीठ घालावयाचे आणि एकत्र दळून त्या पिठाची भाकरी थापावयाची. यालाच कळणा म्हणतात. प्रमाण घरोघर वेगळे असते, पण साधारणतः चार वाटे ज्वारीस एक वाटा उडीद घेतात. आहारशास्त्राने या पदार्थाकडे पाहिले तर त्याला कौतुकच वाटेल. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या अ‍ॅमिनो आम्लाची उणीव असते. उडदात ते भरपूर असते. उडदात मेथिओनिन कमी पडते. ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र आल्याने शरीराला उपयोगी पडणाऱ्या प्रथिनांचा कस वाढतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १०.४ ग्रॅम आणि उडदाच्या डाळीत २४ ग्रॅम प्रथिने असतात. चारास एक या मिश्रणाच्या शंभर ग्रॅम पिठात ती सुमारे १३ ग्रॅम होतात. वेगळे वरण न शिजवता, वेगळे सरपण न जाळता, भाकरीतच डाळ घालण्याची ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

जुन्या ताटाचे गोडवे गातानाही सत्य सोडता कामा नये. ते ताट नेहमी भरलेले होते असे नाही. ज्या घरात भाकरी होती पण वरण नव्हते, त्या घराचे काय होई याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी हैदराबादेत, दख्खनच्या पठारावरील प्रामुख्याने ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो याकडे लक्ष वेधले. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, मनाची भ्रमिष्ट अवस्था अशी त्याची लक्षणे. ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य हे कारण त्यांनी मांडले. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. ज्वारी उत्तम धान्य आहे, पण ती एकटी पुरत नाही. तिला डाळीची आणि भाजीची सोबत हवी. भाकरी-मिरचीवर काढलेल्या दिवसांना साधेपणाचे नाव देऊन त्यांचा गौरव करणे योग्य नव्हे.

पोट आधी उष्मांक मागते

मग डाळ का सुटली? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या दोन थोर संख्याशास्त्रीय परंपरांनी फार पूर्वीच सोडविण्यास घेतला होता. १९७१ साली पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरांत २७० रुपये येत होती. त्याच काळात डॉ. पां. वा. सुखात्मे एका वेगळ्या आघाडीवर झुंजत होते. १९६० च्या दशकात जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी चालली होती आणि गरीब देशांना प्रथिनयुक्त खास खाद्ये पुरवावीत असा आग्रह धरला जात होता. सुखात्म्यांनी दाखवून दिले की भारतातल्या गरिबांची पहिली उणीव पोटभर अन्नाची आहे. पोटभर खावयास मिळाले तर नेहमीच्या धान्य-डाळीच्या आहारातून प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. आणि पोट अर्धे असेल तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. कमी आहाराशी शरीर जुळवून घेते, या त्यांच्या पुढच्या प्रतिपादनावर डॉ. गोपालन यांनी कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. कारण खुरटलेल्या शरीराला निरोगी म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना फार लवकर आवडते. परंतु भुकेल्या माणसाला आधी उष्मांक हवे असतात, हे सूत्र आजही बाजारात पडताळून पाहता येते.

ते असे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेला किमान आधारभूत भाव संकरित ज्वारीस क्विंटलला ३,३७१ रुपये आणि उडदास ७,४०० रुपये होता. या भावांनी हिशेब केला तर एका रुपयाच्या ज्वारीतून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका रुपयाच्या उडदातूनही साधारण तितकीच, किंबहुना किंचित अधिक मिळतात. म्हणजे प्रथिनांच्या दृष्टीने शेताच्या बांधावर तरी डाळ महाग नाही. परंतु उष्मांकांचा हिशेब मांडला की चित्र पालटते. रुपयाच्या ज्वारीत सुमारे १०३ उष्मांक असतात, रुपयाच्या उडदात अवघे ४७. ज्याच्या घरी चार पोटे भरावयाची आहेत आणि खिशात मोजके पैसे आहेत, तो ज्वारी, गहू किंवा तांदूळच घेणार. त्याचा हा निर्णय अडाण्याचा नसतो. तो अत्यंत चोख गणिताचा असतो. शिवाय तो डाळ आधारभूत भावाने विकत घेत नाही. शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, तेथून गिरणीत आणि गिरणीतून दुकानात येईपर्यंत तिचा भाव कितीतरी चढलेला असतो. जळगाव हे डाळगिरण्यांचे देशातील एक मोठे केंद्र आहे. दूरदूरच्या प्रांतांना डाळ पुरविणाऱ्या या शहराच्या आसपासच्या मजूरवस्त्यांत डाळीचे पाणी पातळ व्हावे, यात आपल्या अर्थव्यवस्थेचे सारे रहस्य आले.

आता रेशनचा विचार करू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते तसेच राहील असे जाहीर झाले. या कायद्याने उपासमारीची धार बोथट केली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. म्हणजे सुमारे ५७५ उष्मांक. दांडेकर-रथांच्या मापाचा हा जेमतेम चौथा हिस्सा झाला. उरलेले तीन हिस्से मजुरीतूनच आणावे लागतात, आणि डाळ, तेल, भाजी त्या रांगेत शेवटी उभी असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहारात रोज ८५ ग्रॅम कडधान्ये सुचविली आहेत. चार प्रौढांइतके खाणाऱ्या कुटुंबाला महिन्याला ती सुमारे १० किलो लागतील. दुकानातला भाव किलोला १२० रुपये धरला तर १,२०० रुपये झाले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे नुसत्या डाळीसाठी पुरते चार दिवस राबावयाचे. ज्यांना महिन्याचे सर्व दिवस काम मिळते त्यांनाही हे जड जाईल. मग निंदणी आणि वेचणीच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत हात बांधून बसणाऱ्या कुटुंबाने काय करावे?

ताट कोठे फुटले

मजुरी नेहमी रोखीतच मिळत असे, असे नाही. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला ठरत आले आहे. जुन्या करारांत रोख रकमेबरोबर धान्याचा वाटा असे. कापणी-खुडणीच्या मजुरांना ज्वारीच्या कणसांचा किंवा पेंढ्यांचा हिस्सा मिळे. ती व्यवस्था न्यायाची नव्हती. सालदारकीत माणूस वर्षभर बांधला जाई आणि कर्जात रुतून बसे. शहादे भागातील आदिवासी व श्रमिक १९७२ च्या सुमारास संघटित झाले ते अशाच पिळवणुकीविरुद्ध. तेव्हा त्या पद्धतीची आठवण काढून उसासे टाकण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट खरी की मजुरीचा काही भाग थेट खाण्याच्या रूपाने घरात येई आणि बाजाराच्या चढउताराचा त्यावर परिणाम होत नसे.

पुढे पिके बदलली. कापूस खान्देशात जुनाच, परंतु पूर्वी कापसाच्या ओळींत तुरीची तासे असत, बांधाकडेला अंबाडी असे, कोठे मूग-चवळी असे. तापीकाठी केळी आणि ऊस वाढला, बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाल्यावर सलग कापूस वाढला, आणि ज्वारीचे शेत मागे हटले. शेतकऱ्याला यासाठी दोष देता येणार नाही. ज्वारीला भाव नाही, राखणीला माणूस नाही, आणि पाखरांचा उपद्रव आहे. १९६४ च्या सीएसएच-१ पासून संकरित वाणांनी उत्पादन वाढविले, पण खरिपातले दाणे पावसात काळे पडत आणि भाकरीलाही दादरची चव नसे. मात्र परिणाम असा झाला की ज्या शेतात मजूर दिवसभर राबतो त्या शेतात त्याला खाता येईल असे काहीच पिकेनासे झाले. केळीचा घड खांद्यावरून वाहणाऱ्याला एखादे केळे मिळेल. पण शंभर ग्रॅम केळ्यात प्रथिने सव्वा ग्रॅमच असतात. केळे हे चांगले फळ आहे, ते वरणाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे नुकसान डोळ्यांना कमी दिसते. शेतकऱ्याला जे तण वाटते ते मजूर स्त्रीला भाजी वाटे. निंदणी करता करता ओच्यात तांदुळजा, घोळ, कुरडू, तरोटा जमा होई आणि संध्याकाळी फुकट भाजी शिजे. हा काही दुष्काळातला नाइलाज नव्हता. शंभर ग्रॅम तांदुळजात सुमारे ३९७ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, शेवग्याच्या पाल्यात ४४० मिलिग्रॅम. आता निंदणीऐवजी तणनाशकाची फवारणी आली. तिने स्त्रीची मजुरीही नेली आणि तिच्या ओच्यातली भाजीही नेली. आणि जी उगवते ती खाणे सुरक्षित राहिले नाही. फवारलेल्या शेतातली पालेभाजी आणू नये, हे या निमित्ताने स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट सरकारी धोरणाची. १९६५ साली अन्न महामंडळ स्थापन झाले आणि खरेदी, साठवण व वाटप यांची अवाढव्य यंत्रणा गहू आणि तांदूळ यांभोवती उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेचा तांबडा मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. एवढे होऊनही कोरडवाहू महाराष्ट्राचे धान्य कोरडवाहू महाराष्ट्रातच खरेदी करून रेशनवर द्यावे, हा धडा पक्का झाला नाही. अधूनमधून ज्वारी किंवा मका दुकानात येतो, पण तो नियम नव्हे. ज्या मुलखाची जीभ, जाते आणि तवा भाकरीचा, त्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने गहू आणि तांदूळ पडतो. शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात पावणेसात ग्रॅम प्रथिने असतात, बाजरीत साडेअकरा. बाजरीतले लोहही कितीतरी अधिक. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. शहरी दुकानांत बाजरीची बिस्किटे आली. रेशनच्या पिशवीत बाजरी कायमची आली नाही.

वेळ, सरपण आणि पुडा

गरीब माणूस पैसे भलत्याच गोष्टींवर उधळतो, हा आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर दिले पाहिजे. सकाळी उजाडताच शेतात जाणारी स्त्री संध्याकाळी परतते. पाणी, सरपण किंवा गॅसची टाकी, दळण, धुणे ही कामे तिचीच असतात. भिजविणे, मोड आणणे, शिजविणे यांना वेळ आणि इंधन लागते. रडणाऱ्या मुलाच्या हातात दहा रुपयांचा पुडा देणे ही तिची बेफिकिरी नसून दमलेल्या शरीराची तडजोड असते. तरीही हिशेब सांगितला पाहिजे, कारण येथे निवड शक्य आहे. शेंगदाणे किलोला १२० रुपये धरले तर दहा रुपयांत ८० ग्रॅमहून अधिक येतात. त्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि साडेचारशेहून अधिक उष्मांक असतात. त्यांनाही शिजवावे लागत नाही. लहान मुलाला मात्र ते कुटूनच द्यावेत, घशात अडकण्याची भीती असते.

दारूचा प्रश्नही झाकून ठेवण्यासारखा नाही. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या, आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात १९७२-७३ च्या सुमारास आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूविरुद्ध उठाव केला, मडकी फोडली. मजुरीचा लढा आणि ताटाचा लढा एकच आहे, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाविना ओळखले होते. वाढलेली मजुरी चुलीपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढे साधे ते तत्त्व होते.

आणि चुलीपर्यंत पोहोचलेले अन्नही सर्वांच्या ताटात सारखे पडत नाही. पुरुष आधी, मुलगे नंतर, आणि रांधणारी शेवटी, ही रीत श्रमिकांच्या घरांतही आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या; पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी होती. बाहेरच्या विषमतेविरुद्ध बोलणाऱ्याने घरातल्या पंक्तीकडेही पाहावे. सर्वांनी एकदम बसून जेवावे, याला एक पैसाही लागत नाही.

घरात काय करता येईल

अशा परिस्थितीतही काही गोष्टी घराच्या हाती आहेत. रेशनचा गहू असला तरी दळताना त्यात थोडी ज्वारी-बाजरी आणि सालासकट उडीद किंवा हरभरा मिसळावा. वेगळी डाळ शिजविण्यास वेळ नसेल त्या दिवशी ती भाकरीतून किंवा पोळीतून जावी. कळण्याची युक्ती गव्हालाही लागू पडते. डाळीपेक्षा अख्खे मूग, मटकी, चवळी घ्यावी. रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी मोड आणले तर क जीवनसत्त्व वाढते आणि शिजायलाही कमी सरपण लागते. धान्य-भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू, आवळा, पेरू, बोर यांपैकी काही असावे. दिवाळीनंतर ही फळे स्वस्त असतात. चहा जेवणाला लागून घेऊ नये, तो लोहाला अडवितो. तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. परसात शेवग्याचे एक झाड आणि सांडपाण्यावर पोकळा-मेथीचा एक वाफा पुरेसा आहे. जे अंडी खातात त्यांच्यासाठी अंडे हे अजूनही भरवशाचे अन्न आहे. ते आधी मुलांना आणि गरोदर बाईला मिळावे.

एक गोष्ट एकट्याने होत नाही. तूर, मूग, उडीद काढणीच्या वेळी स्वस्त असतात आणि आषाढ-श्रावणात महाग. त्या वेळी घाऊक खरेदी करण्याइतकी रोकड मजुराकडे नसते. म्हणूनच गरिबाला तीच डाळ श्रीमंतापेक्षा महाग पडते. गावातल्या महिला बचत गटांनी काढणीच्या दिवसांत गावच्याच शेतकऱ्याकडून कडधान्य एकत्र घेऊन ठेवावे आणि पावसाळ्यात सभासदांना घेतल्या भावाने द्यावे. कोरडी कोठी, कडुलिंबाचा पाला आणि चोख वही एवढेच भांडवल त्याला लागते. शेतकऱ्याला मधल्या दलालापेक्षा चार पैसे अधिक मिळतील आणि मजुराला चार पैसे कमी द्यावे लागतील.

घराबाहेर काय मागावे

घरातल्या शहाणपणाला मर्यादा आहे. चार दिवसांच्या मजुरीचा हिशेब कोणत्याही पाककृतीने मिटत नाही. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात.

पहिली मागणी रेशनच्या पिशवीची. अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचाही भाव मुळात नमूद होता. म्हणजे ज्वारी-बाजरी देण्यास कायद्याची आडकाठी नाही. कर्नाटकाने रेशनवर ज्वारी आणि नाचणी दिली आहे. तामिळनाडूत २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दराने दिले जाते. जे कर्नाटकाला आणि तामिळनाडूला जमते ते ज्वारीच्या, तुरीच्या आणि डाळगिरण्यांच्या खान्देशाला जमू नये, याचे कारण राज्यकर्त्यांनी सांगावे. सरकारने येथील ज्वारी, बाजरी आणि तूर आधारभूत भावाने येथेच खरेदी केली तर कोरडवाहू शेतकऱ्याला हमीचे गिऱ्हाईक मिळेल आणि मजुराला त्याचे अन्न. शेतकरी आणि शेतमजूर यांची हिते नेहमी एकमेकांविरुद्ध उभी केली जातात. या एका मागणीत ती एका पंगतीत बसतात.

दुसरी मागणी शाळेच्या ताटाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा स्थानिक फळ, देण्याचा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबविण्यात आला. मुलाच्या ताटातले आठवड्याचे एक अंडे ज्या तिजोरीला जड होते, तिच्या इतर खर्चांची यादी लोकांनी मागून घ्यावी.

तिसरी मागणी सातपुड्याच्या आणि साक्रीच्या आदिवासी पाड्यांची. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची तरतूद झाली. ते जेवण रोज, गरम आणि डाळ-भाजी-अंड्यासह मिळते की नाही, हे अंगणवाडीच्या दारात जाऊन पाहिले पाहिजे. ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या कुटुंबांचे रेशन आणि मुलांचे जेवण त्यांच्यामागे गेले पाहिजे. चौथी मागणी मजुरीची: किमान वेतनाचा दर ठरविताना पोटभर धान्यापुरता हिशेब न करता डाळ, तेल, भाजी आणि दूध-अंड्यासह पूर्ण ताटाचा हिशेब धरला जावा, आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळावी. समान कामास समान वेतनाचा कायदा देशात १९७६ साली झाला. निंदणीच्या ओळीत तो अजून पोहोचावयाचा आहे.

या मागण्यांसाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या २९ व्या कलमात राज्य, जिल्हा, तालुका आणि रेशन दुकान अशा चारही पातळ्यांवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद आहे. बहुतेकांना आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे हेच ठाऊक नसते. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत: आपल्या दुकानाच्या दक्षता समितीचे सभासद कोण, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, आणि ज्वारी-बाजरी व डाळ रेशनवर मिळावी असा ठराव ही ग्रामसभा आज करते काय? तिसऱ्या प्रश्नावर मत देण्यासाठी दिवसभर निंदून परतलेल्या बायका हजर राहतील अशी वेळ मात्र सभेला धरावी. भाकरीत उडीद किती घालावेत हे त्यांना ठाऊक आहेच; उडीद घरात यावेत कसे, याविषयी त्यांचे मत आजवर कोणी विचारलेले नाही.